देवदार क्रमांक एक

२६ जानेवारी, तिकोणा पेठ

उंची १ फूट ११ इंच. प्रकृती उत्तम (झाडाची, माझी सर्दी तशीच आहे).

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मावळ तालुक्यातला पहिला देवदार जमिनीत लावला. पहिला, हे मी जबाबदारीने लिहितो आहे. तळेगाव, वडगाव आणि कामशेतच्या सगळ्या नर्सऱ्यांत चौकशी केली आहे. तळेगावच्या अमृत नर्सरीवाल्याने तर मलाच उलट विचारलं, की देवदार म्हणजे औषधाचा का?

चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सूचिपर्णी वनांचा धडा शंभरदा तरी घेतला असेन. पाने सुईसारखी, आकार शंकूसारखा, बर्फ घसरून पडावा म्हणून फांद्या उतरत्या, लाकूड टिकाऊ, इमारतीस उपयोगी. हे सगळं फळ्यावर लिहीत राहिलो आणि उभ्या आयुष्यात असलं एक झाड पाहिलं नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात आम्ही नवरा-बायको सहलीबरोबर मनालीला गेलो तेव्हा पाहिलं. तेही बसच्या खिडकीतून, धुक्यात, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी रडू आलं. चंद्रिका म्हणाली, "काच लावून घ्या, डोळ्यांत वारा जातोय."

हे रोप मनालीजवळच्या नग्गरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी तेलाच्या डब्यात लावून दिलं. परतीच्या गाडीत माझ्याकडे कॅमेरा आणि नोंदवही होती, त्यामुळे डबा चंद्रिकेने दोन दिवस मांडीवर धरला. मग तीन महिने तो आमच्या तळेगावच्या बाल्कनीत होता. आज तो तिकोण्याच्या पायथ्याशी, शिक्षक सोसायटीतून वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या आमच्या पाच गुंठ्यांत उभा आहे. शेजारचं वावर गेणूभाऊचं. प्लॉटची राखण तोच करतो. त्याची बायको लीलाबाई आम्ही आलो की चहा करते.

ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने ‘दे. १’ असं कोरून पट्टी तारेने खोडाला बांधली. मोजमापासाठी चंद्रिकेच्या शिवणाच्या डब्यातली टेप कायमची माझ्या झोळीत घेतली आहे. शास्त्रीय काम आहे म्हटल्यावर तिने शिवणाचा डबा बंद करून ठेवला.

२ फेब्रुवारी

उंची तीच.

आज एक महत्त्वाची गोष्ट झाली, ती क्रमाने लिहितो.

पोस्टमास्तरांनी नग्गरला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्हाला देऊ केल्या आहेत. कायमच्या. तळेगावचं घर विकून तिथे जाऊन राहायचं असं माझ्या मनाने घेतलं आहे. देवदारांच्या सावलीत म्हातारपण! चंद्रिकेपुढे विषय काढला की ती "बघू" म्हणते. तिथे तिचे गुडघे जरा कुरकुरले होते, दोन स्वेटर घालूनही ती पाच दिवस शेकोटीजवळून हलली नाही. पण त्या हवेने गुडघे बरे होतील, हे मी तिला पटवून दिलं आहे.

आज प्लॉटवरून परतताना गेणूभाऊ आम्हाला वाघजाईच्या देवळात घेऊन गेला. तिथे कौल लावणं चाललं होतं. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ चिकटवायचे, उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. कुणाला म्हैस विकायची होती. शहाणीसुरती माणसं तांदळाकडे टक लावून बसलेली. मला हसू आवरेना.

गेणूभाऊने विचारलं, "मग गुरुजी, तुमी कसं ठरीवता?"

"प्रयोगाने," मी म्हणालो, आणि बोलण्याच्या भरात तिथल्या तिथे प्रयोग जाहीरही केला. मृगाच्या दिवशी माझा देवदार हिरवा असेल, तर मावळची हवा हिमालयाच्या जिवाला मानवते हे सिद्ध झालं, आम्ही कुठेही जाणार नाही. वाळला, तर घर विकून नग्गरला.

रतन गुरवाने लगेच नारळ वाढवला. मी म्हटलं, अहो, हा कौल नाही, प्रयोग आहे, याला नारळ कशाला? तो म्हणाला, "असू द्या. देवीला सांगून केलेला प्रयोग हाय."

परतताना गेणूभाऊने सांगितलं की वाघजाईपुढे बोललेला शब्द मागे घेता येत नाही. त्याचे चुलते एकदा चिडून तिच्यापुढे म्हणाले होते, भावाच्या घरचा चहा पिणार नाही. पुढे भाऊ वारला. दहाव्याला चुलते आले ते स्वतःचा थर्मास घेऊन. मी त्याला म्हटलं, माझं तसं नाही, मी शास्त्राला बांधलेला माणूस आहे.

चंद्रिकेचा चेहरा उतरला होता. देवळात फार उकडत होतं.

२३ फेब्रुवारी

उंची १ फूट ११ इंच. संथ वाढ हे उत्तम इमारती लाकडाचं लक्षण आहे.

१६ मार्च

उंची १ फूट ११ इंच. तापमान ३६. शेंडा तांबूस झाला आहे.

काळजी वाटते. काय लिहू? भोवती ओली गोणपाटं बांधली, वर जुनी छत्री रोवली. मुळांना गारवा हवा म्हणून गेणूभाऊने पवनानगरच्या मासळीवाल्याकडून बर्फ आणला. बर्फाला बोंबलाचा वास होता. दुपारपर्यंत गावातली चार मांजरं देवदाराभोवती बसली होती आणि लीलाबाई काठी घेऊन मांजरांभोवती.

"गुरुजी," गेणूभाऊ म्हणाला, "समजा ह्ये न्हाई जगलं. तर तुमी खरंच जानार?"

"प्रयोग म्हणजे प्रयोग."

"आन् ताई?"

"ती माझ्याबरोबर येईल, अर्थातच."

लीलाबाईने चहाची कपबशी जरा आपटूनच ठेवली. तिचं आणि चंद्रिकेचं फार सूत जमलं आहे. चंद्रिका तिला झंपर शिवायला शिकवते, ती चंद्रिकेला पिशवीभर पावटा देते. बायकांना अशा गोष्टींत वेळ कसा जातो कळत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. ते म्हणतात मोतीबिंदू पिकला आहे, लवकर काढा. त्यांना सांगितलं, मृगापर्यंत वेळ नाही.

३० मार्च

उंची २ फूट ७ इंच!!

दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा गेणूभाऊला टेपचं दुसरं टोक धरायला लावून मोजलं. चौदा दिवसांत आठ इंच! तांबूसपणा साफ गेला आहे. सुया लांब, मऊ, चहूकडे झुलणाऱ्या. बर्फाचा परिणाम. मी गेणूभाऊचे दोन्ही हात हातात घेतले. तो मान खाली घालून उभा राहिला. साधा माणूस आहे, कौतुकाने अवघडतो.

पट्टी मात्र गेली. माकडांनी नेली असं तो म्हणाला. माकडांना ॲल्युमिनियमचा काय उपयोग?

लीलाबाईच्या चुलीला आज थेट मनालीचा वास येत होता, त्या शेकोटीसारखा. मी तसं म्हटल्यावर तिने घाईघाईने चुलीत शेणी सारली. मन किती वेडं असतं पाहा, झाड जगलं तर चुलीलाही हिमालयाचा वास येतो.

६ एप्रिल

चंद्रिका आज बऱ्याच दिवसांनी प्लॉटवर आली. झाडापुढे खूप वेळ उभी राहिली.

"हाच का तो?" तिने विचारलं.

"हाच! ओळखू येत नाही ना?"

"नाही," ती म्हणाली.

डबा मांडीवर धरून दोन दिवस त्याच्याबरोबर आलेली बाई, आणि तिला तो ओळखू येऊ नये! वाढच तशी झाली आहे.

९ एप्रिल, तळेगाव

रात्रीचं जेवण होताना चंद्रिकेने आपणहून विचारलं, "अहो, ते झाड शंकूच्या आकाराचं असतं ना? म्हणजे फांद्या अशा मजल्यामजल्याने?" पस्तीस वर्षांच्या संसारात तिने भूगोलाचा विचारलेला हा पहिला प्रश्न. मी ताट बाजूला सारून आकृती काढून दिली. तिने आकृती घडी करून पर्समध्ये ठेवली. मला भरून आलं.

११ एप्रिल, तळेगाव

चंद्रिका भजनी मंडळाबरोबर बेडश्याला जाऊन आली. अमृत नर्सरीवाल्याच्या टेम्पोतून, कारण त्याची आई मंडळात आहे. संध्याकाळी आली ती साडीला गुडघ्यापर्यंत माती. लेण्यांच्या पायऱ्या चढले म्हणाली. एवढे दुखरे गुडघे घेऊन! भक्तीचं बळ मोठं आहे. घरात मात्र गॅसची टाकी सरकवायला मलाच हाक मारते.

१३ एप्रिल

उंची २ फूट १ इंच.

चूक नाही. घटली आहे. सहा इंच. शिवाय सुया आखूड आणि टोचऱ्या, फांद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या, मजल्यामजल्याने. अगदी माझ्या आकृतीसारखा शंकू. एका फांदीवर सोनेरी, चकचकीत डिंक आला आहे, तोही लांबच लांब लडीच्या रूपाने. माझ्या डोळ्यांना स्पष्ट दिसत नव्हतं, पण उन्हात लखलखत होता.

गेणूभाऊ आज झाडाकडे बघतच राहिला. त्याने झाडाला एक फेरी मारली, मग उलटी फेरी मारली, मग तो मटकन बांधावर बसला.

"ह्ये कुटनं आलं?" तो म्हणाला.

"आलं नाही, आकसलं," मी समजावलं. "उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात. हे झाड थंड प्रदेशातलं असल्यामुळे त्याचं उलट होतं."

"आकसलं," गेणूभाऊ म्हणाला. "असंल."

चंद्रिका म्हणाली, "आता कसा देवदारासारखा दिसतो, नाही?" तिच्या तोंडून हे ऐकून फार बरं वाटलं.

२७ एप्रिल

उंची ३ फूट ४ इंच. सुया पुन्हा लांब, मऊ, झुलत्या. मजले गेले. डिंक गेला.

म्हणजे हे झाड श्वास घेतं! चौदा दिवस आकुंचन, चौदा दिवस प्रसरण. हे मी गेणूभाऊला आणि चंद्रिकेला एकदमच सांगितलं. चंद्रिकेने विहिरीच्या कठड्याचा आधार घेतला. गेणूभाऊ तिच्याकडे संशयाने बघत होता आणि ती त्याच्याकडे. सर्वसामान्य माणसाला शास्त्रातला शोध झेपत नाही, त्याची आधी भीतीच वाटते.

‘मावळातील देवदाराची लयबद्ध आकुंचन-प्रसरण क्रिया: एक निरीक्षण’ या लेखाला सुरुवात केली. पहिलं पान झालंही.

४ मे

आज काय लिहावं सुचत नाही. झाडाला दोन खोडं फुटली आहेत!

एका आळ्यात डावीकडे लांब सुयांचं, झुलतं, सव्वातीन फुटी. उजवीकडे आखूड सुयांचं, मजल्यांचं, दोन फुटी. एकाच झाडाला एकाच वेळी दोन तऱ्हेची पानं. नुसत्या सरावाने माझा हात टेपकडे गेला, पण कोणतं टोक कुठे लावायचं हेच कळेना. शेवटी दोन्हींची सरासरी काढली: २ फूट ८ इंच.

मी बांधावर बसून टिपणं काढत होतो तेव्हा गेणूभाऊ चंद्रिकेला गोठ्यामागे घेऊन गेला. पपईची रोपं दाखवायला असावा. बोलणं अर्धवट ऐकू येत होतं.

"ताई, तुमी व्हय? आन् आमी समजलो चोर हाय."

"चोर झाड नेतो गेणूभाऊ, लावतो का?"

"त्येच तर! तीन रात्री मी राखन बसलो."

मग लीलाबाई इतकी हसली की तिने पदर तोंडात कोंबला तरी आवाज माझ्यापर्यंत आला. पपईत हसण्यासारखं काय असतं?

११ मे

उंची ३ फूट १० इंच. खोड एकच. लांब सुया. दुसरं खोड आपोआप गळालं.

प्लॉटवर फार प्रसन्न वातावरण होतं. चंद्रिका लीलाबाईच्या ओट्यावर बसून आंब्याच्या फोडी करत होती आणि चक्क गात होती. मी पण तिथेच बसलो. समोर तुंग, मागे तिकोणा, खाली पवनेचं पाणी, हातात चहा. गेणूभाऊ विचारत होता की पृथ्वी फिरते तर त्याचा बांध दरवर्षी शेजाऱ्याच्याच वावरात कसा सरकतो. दोन तास गेले ते कळलं नाही. एक गोष्ट इथे खरी लिहून ठेवतो: घरी येईपर्यंत आज एकदाही नग्गरची आठवण झाली नाही. वय झालं, दुसरं काय.

लेख आणि झाडाचे सगळे फोटो माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, चैतालीला पाठवले. पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

१३ मे, तळेगाव

चैतालीचं उत्तर आलं. "सर, लेख वाचला. फोटोही पाहिले. एक विनंती आहे: बाकी काहीही करण्याआधी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या. मग बोलू." गुरूच्या प्रकृतीची इतकी काळजी! पोरीचं मन राखायला म्हणून या आठवड्यातच तारीख घेतो. मृगाच्या आत डोळे उघडतील, निकाल स्वच्छ नजरेने पाहता येईल.

चंद्रिकेला हे सांगितलं तर तिच्या हातातली वाटी पडली. ऑपरेशनला कायम घाबरते.

१४ मे, तळेगाव

चंद्रिकेचं म्हणणं, ऑपरेशन पावसाळ्यानंतर करा. मार्चपासून हीच बाई करा करा म्हणत होती.

२० मे, तळेगाव

उजवा डोळा झाला. ही नोंद मी सांगतो आहे आणि चंद्रिका लिहिते आहे. झाडाची उंची माहीत नाही. दोन आठवडे धूळ, वाकणं आणि प्रवास बंद. गेणूभाऊचा फोन आला होता, झाड ‘लय बेस’ आहे म्हणाला. (हो. बेस आहे. चंद्रिका.)

२ जून, तळेगाव

आजपासून वाचायची परवानगी मिळाली.

डोळा असा असतो हे मी विसरलोच होतो. भिंत पिवळी नाही, पांढरी आहे. कॅलेंडरवरचे बारीक आकडे दिसतात. मागची पानं चाळली, माझं अक्षर मला वाटत होतं त्यापेक्षा बरंच वाईट आहे.

चंद्रिका चहा घेऊन आली. तिच्या केसांत इतकं पांढरं कधी आलं? आणि हात. उजव्या हाताची दोन नखं मुळापासून तुटलेली, तळव्याला फोड येऊन गेल्याचे डाग, जसे कुदळ चालवणाऱ्याला येतात. डाव्या गुडघ्याला पट्टा. विचारलं तर म्हणाली, कुंडी सरकवताना लागलं.

आमच्या बाल्कनीत कुंडी नाही. डबा होता, तो जानेवारीतच गेला.

७ जून, तिकोणा पेठ

सगळं लिहायचं आहे. घाई न करता लिहितो.

कामशेतहून जीपने नऊला पोचलो. देवळात निम्मं गाव जमलं होतं. तिकडे जाण्याआधी मी एकटाच प्लॉटवर गेलो. चंद्रिका म्हणत होती, बरोबर येते. मी नको म्हटलं.

झाड छान आहे. चार फुटांच्या वर गेलं आहे, हिरवंगार, वाऱ्यावर झुलतंय. मी जवळ गेलो, एक सुई हातात घेतली. सुईला पेरं होती. बारीक बारीक, एकापुढे एक. मी ओढली, तर ती पेरात सुटली, परत जोडली तर जोडली गेली. लहानपणी शाळेच्या कुंपणापाशी आम्ही हाच खेळ खेळायचो, कुठे तुटली ते ओळख म्हणून. सुरूच्या झाडाखाली. देवदाराच्या सुईला पेरं नसतात. हे पुस्तकात नाही, पण नग्गरच्या डब्यातली सुई मी बोटांनी शंभरदा चाचपली आहे. बोटांना तर मोतीबिंदू नव्हता! मग मार्चनंतर मी एकदाही सुई तशी चाचपून का पाहिली नाही? टेप लावत राहिलो फक्त.

आळ्याच्या कडेला काळ्या नर्सरीच्या पिशवीचं टोक मातीतून वर आलेलं होतं. गोठ्यामागे मजल्यामजल्याचं ते दुसरं झाड, अमृत नर्सरीतलं ख्रिसमस ट्री, छान रुजलेलं. त्याच्या खालच्या फांदीला सोनेरी कागदाची झिरमिळी अजून लटकत होती. वरच्या फांदीवर लीलाबाईचा झंपर वाळत घातला होता.

आणि दे. १ पण सापडला. लीलाबाईच्या कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून घातला आहे. तासून, गुळगुळीत करून. पट्टी तशीच आहे, तारेने बांधलेली, माझ्या अक्षरात. मी तो काढून नाकाशी धरला. अजून वास आहे. तेवढ्यात कोंबड्या बाहेर पडल्या आणि त्यांना परत आत घालताना माझा अर्धा तास गेला. मग अडसर नीट लावून टाकला. देवदाराचं लाकूड टिकाऊ असतं असं मी चौतीस वर्षं शिकवलं, ते खोटं नव्हतं.

मग बांधावर बसलो. आधी भयंकर राग आला. मला फसवलं, सगळ्यांनी मिळून फसवलं. प्रयोग बुडवला. नियमाप्रमाणे झाड मार्चमध्येच मेलं, तेव्हा घर विकून नग्गर. वाघजाईपुढे बोललेला शब्द. राग बराच वेळ टिकवून धरायचा प्रयत्न केला. पण डोळ्यांपुढे सारखी ती दोन नखं येत होती. एप्रिल-मेच्या उन्हात, वाकत नाही त्या गुडघ्यावर बसून, तिने माझ्या झाडासाठी खड्डे खणले. दोनदा. का? तर मी झाडाला विचारलं होतं, कुठे राहू. वाघजाईला विचारलं होतं. सबंध गावादेखत विचारलं होतं. चंद्रिकेला विचारायचं राहिलं होतं.

देवळात गेलो. रतन गुरव नारळ हातात घेऊन उभाच होता. गेणूभाऊ खांबामागे, लीलाबाई त्याच्यामागे. चंद्रिका पुढे बसली होती, आपल्या पायांकडे बघत.

"बोला गुरुजी," गुरव म्हणाला. "झाड जगलं का?"

चौतीस वर्षांत मी पोरांना खोटं निरीक्षण लिहिलं म्हणून बाकावर उभं केलं आहे. वहीत पाऊस दहा मिलिमीटर लिहिला आणि पडला नऊ, तर पान फाडलं आहे.

"जगलं," मी म्हणालो. "हिरवंगार आहे. आम्ही कुठेही जात नाही."

नारळ फुटला. सगळे एकदम बोलायला लागले. चंद्रिकेने वर पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा नीट, आणि तिला कळलं की मला सगळं दिसलं आहे.

पायऱ्या उतरताना गेणूभाऊ शेजारी आला. मी पुढे बघतच म्हणालो, "गेणूभाऊ, उद्यापासून बर्फ बंद कर. सुरूला नाही लागत."

तो चार पायऱ्या भराभर उतरला. मग म्हणाला, "व्हय जी. मांजरं लय तरास देत्यात." आणखी दोन पायऱ्यांनंतर हळूच विचारलं, "गुरुजी, देवी रागावंल का वो?"

मी म्हटलं, "तिचा तांदूळ कधी कोणी हलवला नसेल असं तुला वाटतं का?"

तो इतका मोठ्याने हसला की गुरवाने वळून पाहिलं.

८ जून, तळेगाव

सकाळी चंद्रिका मेथी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो.

"तुला कुठे राहायचंय?" मी विचारलं.

ती थांबली. "आत्ता विचारताय?"

"हो. उशीर झाला आहे, माहीत आहे मला."

तिने तीन-चार काड्या निवडल्या. मग रडली थोडी. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "इथे. पण मे महिन्यात पंधरा दिवस नग्गरला जाऊ. तिथली ती पोस्टमास्तरांची बायको मला आवडली होती. सफरचंदाचं लोणचं शिकवणार होती. तुम्ही सारखे खिडकीतून झाडं दाखवत होतात, म्हणून राहून गेलं."

"बरं," मी म्हटलं.

"आणि माझी टेप द्या. लीलाबाईचे तीन झंपर अडलेत जानेवारीपासून."

टेप परत केली. लेखाची पानं रद्दीत घातली. झाडाची उंची आजपासून अंदाजाने.